नॅटची डावी बाजू

एसटीत शेजारच्यानं विचारलं, "काका, काय करता?" तर मी हल्ली "रिटायर आहे" एवढंच सांगतो. खरं सांगितलं की भानगड होते. लढाऊ विमानांच्या चरित्रपुस्तिका लिहून छापतो म्हटलं, की समोरचा आधी माझ्या चपलांकडं बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे कुणी किती पाडली, तेच ना?" तेच नाही हो! पण हे नगरपासून जामखेडपर्यंत समजावत बसायचं म्हणजे घसा बसतो. एकदा मी चिडून म्हणालो, "कोंबड्या पाळतो." तो प्रवासी लगेच खूष झाला आणि खाद्याचे भाव विचारायला लागला.

मी हवाई दलात पत्र्याचं काम केलं. विमानाला इंजिन असतं, तोफा असतात, ते बघणारे वेगळे. मी अंगावरचा पत्रा, रिव्हेट, चाकं, पंखांचे सांधे बघणारा. भरती झालो तेव्हा एकाहत्तरचं युद्ध संपून गेलं होतं. माझ्या वाट्याला आली ती युद्धातून परत आलेली विमानं. त्यांच्या अंगावर हात फिरवता फिरवता मला नाद लागला. हे कुठं फाटलं असेल? कुणी शिवलं असेल? घाईत शिवलंय की निवांत? निवृत्त होऊन भिंगारला घर केलं तरी नाद सुटला नाही. मग एका विमानाची एक पुस्तिका, असं सुरू केलं.

वैमानिकाचं चरित्र वेगळं आणि विमानाचं वेगळं. वैमानिक बदलतात, तळ बदलतात. विमानाचं काय राहतं? त्याचा नंबर. तो शेपटीवर रंगवलेला असतो. हे विमान कुणी कुणी उडवलं, कुठल्या उड्डाणात काय घडलं, कुठं लागलं, कुणी दुरुस्त केलं, हे मी गोळा करतो. म्हाताऱ्या वैमानिकांना भेटतो. त्यातल्या एकानं मला दुपारभर बसवून घेतलं आणि हल्ल्याबद्दल विचारलं की दर वेळी त्या सकाळच्या आम्लेटबद्दल सांगितलं. आम्लेट फार चांगलं झालं होतं म्हणे. मी तेही छापलं.

गिऱ्हाइकं तर विचारू नका. शिर्डीच्या एका हॉटेलवाल्यानं भंगारातून विमानाचं शेपूट आणून दारात उभं केलं होतं. भाविकांनी फोटो काढावेत म्हणून त्याला फलक हवा होता, 'या विमानानं शत्रूला पाणी पाजलं.' मी शेपूट बघितलं. ते मालवाहू विमानाचं होतं. "शेठ, यानं जन्मभर बटाटे आणि गाद्या वाहिल्यात," मी म्हणालो. शेठ म्हणाले, "मग शत्रूला बटाटे मारले असं लिहा की." मी चहा न पिता उठलो. आता हसू येतं, पण तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

हे सगळं सांगतोय ते अशासाठी, की मी भाबडा माणूस नाही. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

खर्ड्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथल्या हायस्कुलाच्या मैदानात एक नॅट उभं आहे. नॅट म्हणजे एकाच माणसाचं, अगदी बुटकं लढाऊ विमान. इतकं बुटकं की कॉकपिटमध्ये वाकायला दोन पायऱ्यांची शिडी पुरते. बहुतेक गावं असं विमान खांबावर चढवतात. इथं पैसे संपले म्हणून सिमेंटच्या ओट्यावर, स्वतःच्या चाकांवरच उभं केलेलं. शाळेचा सुवर्णमहोत्सव होता आणि हेडसरांना विमानाचा युद्धातला इतिहास छापून हवा होता. विमान नव्यानं रंगवायचंही ठरलं होतं.

मी गेलो तेव्हा मधली सुट्टी झाली होती. मैदान पोरांनी गच्च भरलं होतं. विमानाच्या उजव्या बाजूला पोरं डबे उघडून बसली होती. डाव्या बाजूला चिटपाखरू नव्हतं. तिकडं सावली जास्त होती तरी नव्हतं. धावायच्या शर्यतीची पांढऱ्या फक्कीची रेघ सगळीकडं सरळ, पण विमानाच्या डाव्या अंगाला येताना ती वळसा घालून पुढं गेलेली. मी शाळेचा शिपाई नामदेव याला विचारलं, ही रेघ अशी का?

"तिथनं कुनी पळत न्हाई, सर."

"का?"

"मानूस उभा असतो तिथं."

नामदेव पन्नाशीचा, शांत गडी. मस्करी करण्यातला नव्हे. त्यानं सांगितलं ते असं. दिवस कलला की विमानाच्या डाव्या बाजूला एक माणूस दिसतो. पाठमोरा. त्याचा एक हात वर असतो. पाय दिसत नाहीत. कुणाला काही करत नाही, बोलत नाही, वळत नाही. जवळ गेलं की नसतो. विमान आल्यापासून आहे. "आमी लहान हुतो, तवापासनं बगतोय. आता सवय झाली," तो म्हणाला. संध्याकाळी फाटक लावायच्या आधी तो तिथं पाण्याचा तांब्या ठेवायचा. सकाळी उचलायचा. तहानलेला असला तर असू दे, म्हणून.

माझं डोकंच फिरलं. "अरे, युद्धातलं विमान आहे ते! पोरांना त्याची माहिती सांगायची सोडून भुतं कसली पाळता?" असं मी बरंच बोललो. नामदेवानं ऐकून घेतलं. "व्हय सर," म्हणाला आणि फक्कीचा डबा घेऊन गेला.

मी माझ्या कामाला लागलो. पहिलं काम नंबर खरा की खोटा ते बघायचं. शेपटीवरच्या नंबरावर मी कधीच विसंबत नाही. गावातला पेंटर दर वर्षी रंग मारताना आकडे नव्यानं काढतो आणि तीनचा आठ व्हायला कितीसा वेळ लागतो? खरा नंबर आत असतो. विमानाच्या अंगावर जी छोटी झाकणं असतात, ती त्या त्या विमानाला घासून बसवलेली असतात. एकाचं दुसऱ्याला नीट बसत नाही. म्हणून प्रत्येक झाकणाच्या आतल्या अंगाला विमानाचे शेवटचे आकडे लिहिलेले असतात. मी एकेक झाकण उघडत गेलो. एक सोडून सगळ्यांवर तोच नंबर. ते एक दुसऱ्या विमानाचं होतं, अडीअडचणीला काढून लावलेलं. आम्ही त्याला चक्क 'रॉबरी' म्हणायचो. बाकी सगळे नंबर जुळले, म्हणजे विमान खरं होतं.

डाव्या बाजूची झाकणं उघडताना ऊन भाजत होतं. तरी माझ्या हाताला पत्रा गार लागला. मी उजव्या बाजूला जाऊन हात लावून आलो. तो तापलेला होता. मघाच्या सावलीमुळं असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि काम पुढं रेटलं.

संध्याकाळी हेडसरांच्या ऑफिसातून निघालो. व्हरांड्यातून सहज मैदानाकडं बघितलं. ऊन विमानाच्या नाकाच्या बाजूनं, अगदी तिरकं येत होतं. विमानाच्या डाव्या अंगाला एक माणूस उभा होता.

पाठमोरा. डावा हात वर, कॉकपिटच्या काठाला. डोकं थोडं पुढं झुकलेलं. मी हजारदा ही उभं राहायची तऱ्हा बघितली आहे. वैमानिक आत बसला की शिडीवर चढून त्याचे पट्टे आवळणारा फिटर असाच उभा असतो. भूत बिचारं कसंही उभं राहील हो, पण ते कामावर उभं होतं! माझी पाचावर धारण बसली. तरी मी हट्टानं मैदानात उतरलो आणि चालत निघालो. जसजसा जवळ गेलो तसतसा तो विरत गेला. ओट्यापाशी पोचलो तेव्हा तिथं रंगवलेला पत्रा होता आणि खाली नामदेवाचा तांब्या. मी तांब्याला पाय लागू नये म्हणून मागं सरलो, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी हेडसर म्हणाले, हे विमान शाळेत कसं आलं ते एस्तेरबाईंना माहीत असेल. बाई याच शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. शाळेच्या मागंच दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मी दारात गेलो. बाई सत्तरीच्या पुढच्या, बारीक, ताठ. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, "नंबर तोच आहे ना?"

"तोच आहे. झाकणं उघडून बघितली."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला आत बसवलं, चहा ठेवला, आणि माझ्याकडं पाठ करून स्टोव्हपाशी उभ्या असतानाच म्हणाल्या, "काल संध्याकाळी तुम्ही मैदानात उतरलात. दिसला ना? पाठमोराच होता ना?"

"हो," मी म्हणालो.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर काष्टीच्या बाजूचं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. थोरला भाऊ शमुवेल, घरात सामूदादा. तो हवाई दलात फिटर झाला. सुट्टीवर आला की "माझं नॅट" असं विमानाबद्दल बोलायचा, जसं कुणी गोठ्यातल्या गाईबद्दल बोलावं. बाईंनी त्याला विणून दिलेल्या मफलरीवर त्याच विमानाचे आकडे काढले होते. युद्धात तळावर बॉम्ब पडले आणि सामूदादा गेला. तिकडंच पुरला. घरी निरोप आला तो एवढाच, की कर्तव्यावर असताना मृत्यू.

"तेवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं," बाई म्हणाल्या. "पण आमच्याच गावचा एक जण तेव्हा त्या भागात होता. तो सुट्टीवर आला आणि काष्टीच्या बाजारात, भर गर्दीत म्हणाला, सामूला पाठीत लागलं. बाकी अंगावर ओरखडा नाही. खंदकाच्या तोंडाशी सापडला. पाठीत लागलं म्हणजे काय? पळत होता."

पाठीत लागलं, पळत होता. एवढंच वाक्य. गावानं ते उचललं. कुणी तोंडावर बोललं नाही, पण बाजारात भाजी घेताना मागं कुजबुज व्हायची. मास्तर पुढच्या रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि मरेपर्यंत तिथंच बसत राहिले. बाईंचं जमलेलं लग्न मोडलं. त्यांनी गाव सोडलं आणि दोन तालुके ओलांडून इथं नोकरी धरली. इथं त्यांच्या भावाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. पुढं त्या वेळचे हेडमास्तर, ते स्वतः माजी सैनिक, शाळेसाठी विमान मागायचं म्हणाले तेव्हा बाईंनी एक नंबर सुचवला. का, ते सांगितलं नाही. असं सहसा मागून मिळत नाही. हे मिळालं.

"आणि आलं तेव्हा तोही आला," बाई म्हणाल्या. "मी इतकी वर्षं खिडकीकडं पाठ करून शिकवलं. एकदाही मैदानात गेले नाही. पोरं म्हणायची, बाई, तो पाठमोरा आहे, वळत नाही. मला वाटायचं, लाजेनं वळत नसेल."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, की बाई, तसं काही नसणार, बहुतेक तो कामावरच असणार. बाई एकदम कडाडल्या.

"बहुतेक नको मला! बहुतेक मी स्वतःला रोज सांगते. तुम्ही इतिहास छापणार ना या विमानाचा? मग शोधा. पळाला असेल तर पळाला असं छापा. पण छापायचं ते नक्की छापा."

त्या दिवशी मला पहिल्यांदाच माझ्या कामाची भीती वाटली. आजवर चूक झाली असती तर एखाद्या वैमानिकाच्या नातवानं रागावून फोन केला असता. इथं एका बाईचा सगळा जन्म टांगणीला लागला होता. तुकडीच्या नोंदीत मला जे मिळालं होतं, त्यात सकाळी हल्ला झाला, विमानाचं नुकसान झालं, एक जण गेला, याउपर काही नव्हतं. त्या सकाळी विमानात बसलेला वैमानिक जगला, पुढं बरीच वर्षं उडला, आणि मी या धंद्यात पडायच्या आधीच वारला. त्याला विचारायला हवं होतं, कुणीतरी. ती हळहळ मला अजून आहे. उरला होता फक्त पत्रा.

शाळेला सुट्टी लागली तसा मी परत गेलो. रंग काढायचाच होता, तर डाव्या बाजूचा मी माझ्या हातानं काढतो, असं हेडसरांना सांगितलं. रिमूव्हर लावायचं, थांबायचं, खरवडायचं. वर पेंटरचे चंदेरी थर, खाली हवाई दलाचा जुना रंग, आणि मग उघडा पत्रा. त्या पत्र्यावर ठिगळं निघाली.

ठिगळं म्हणजे काय ते सांगतो. बॉम्ब फुटला की त्याचे छर्रे उडतात. पत्र्याला भोक पडलं की आम्ही भोवतालचा फाटका भाग गोल कापून काढतो, वर दुसरा पत्रा ठेवतो आणि कडेनं रिव्हेट मारतो. कापडाला लावतात तसंच. पुढं कितीही रंग चढवा, ठिगळ जात नाही. त्यावरून मार कुठून आला, किती जवळून आला, सगळं कळतं. इथं ठिगळं दाट होती. छर्रे डाव्या बाजूनं, मागच्या अंगानं आले होते. बॉम्ब जवळच पडला होता.

नाक पत्र्याला लावून काम करताना चित्र दिसत नाही, एकेक ठिगळच दिसतं. म्हणून मी वर्गातला लाल खडू मागवला आणि प्रत्येक ठिगळाभोवती गोल काढत गेलो. नाकापासून पंखाच्या मुळापर्यंत. सगळीकडं गोल झाले. माझे हात भरून आले, तोंडाला कोरड पडली. मी व्हरांड्यात गेलो. नामदेवानं तांब्या दिला. तो तोंडाला लावला आणि वळून बघितलं.

पाणी तसंच तोंडात राहिलं.

सगळी डावी बाजू लाल गोलांनी भरली होती. फक्त कॉकपिटखाली एक जागा कोरी होती. तिथं एकही छर्रा लागलेला नव्हता. ती जागा माणसाच्या आकाराची होती. मांड्या, कंबर, रुंद पाठ, खांदे. मांड्यांच्या खाली विमानाचा पत्राच संपतो, म्हणून पाय नव्हते. आणि डाव्या खांद्यापासून एक कोरा पट्टा वर, कॉकपिटच्या काठापर्यंत गेलेला. वर केलेला हात.

"सर," नामदेव हळूच म्हणाला, "ह्यो त्योच हाय."

भर दुपार होती. ऊन डोक्यावर होतं. सावली कुठंही नव्हती. तरी माणूस तिथं होता. मी भिंतीला टेकून खाली बसलो. मग डोकं काम करायला लागलं. जो माणूस पळतो त्याची सावली विमानावर उरत नाही. शिडीवर उभं राहून, विमानाकडं तोंड करून, आतल्या माणसाचे पट्टे आवळत असताना मागं बॉम्ब फुटला, तर छर्रे कुठं लागणार? पाठीतच लागणार. दुसरीकडं कुठं लागतील? मग त्याला उतरवून कुणीतरी खंदकाकडं ओढत नेलं असणार, म्हणून तो तिथं सापडला. ज्यानं बाजारात येऊन ते वाक्य म्हटलं, त्यानं जखम बघितली. विमान बघितलं नाही.

तरी एक शंका होती. त्या विमानावर दोन फिटर असायचे. शिडीवर सामूच होता कशावरून? मी बाईंच्या दारात गेलो. धाप लागली होती. "बाई, शमुवेल कोणत्या हातानं काम करायचे?"

"डाव्या," बाई म्हणाल्या. "वडील त्यापायी मारायचे त्याला. का?"

आम्ही पट्टे आवळताना उजवा हातच वर घालतो. शिकवतातच तसं. पत्र्यावरचा हात मात्र डावा होता, पहिल्या संध्याकाळी भीतीपायी ते ध्यानात आलं नव्हतं. मी म्हणालो, "बाई, चला माझ्याबरोबर."

त्या आल्या. मैदानात पाय ठेवताना थबकल्या, पदर आवळून घेतला, आणि मग चालत राहिल्या. फक्कीच्या वळशाच्या आत पहिल्यांदाच गेल्या असतील. विमानापासून थोड्या अंतरावर थांबून त्यांनी ते लाल गोल बघितले. बराच वेळ बघितले. मी घाईघाईनं समजावायला लागलो, हा मार असा आला, हे ठिगळ असं बसतं. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

"त्या मधल्या जागेत एकही नाही लागला?"

"नाही."

"चोहीकडं लागले, आणि तिथंच नाही?"

"तिथंच नाही, बाई."

वर्गात फळ्यासमोर उभं राहून विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "मग तिथले कुठं गेले?"

मला उत्तर माहीत होतं. नामदेवानं मान खाली घातली. बाई पुढं गेल्या, त्या कोऱ्या जागेवर पाठीच्या उंचीला तळहात ठेवला आणि "दादा रे!" म्हणून त्यांनी जो टाहो फोडला, तो मी अजून विसरू शकत नाही. इतक्या वर्षांचं रडणं होतं ते. आम्ही दोघंही पुरुष तिथं उभे राहून रडलो आणि कुणाला त्याची लाज वाटली नाही.

रात्री मला जे समजत नव्हतं ते एवढंच. तिरक्या उन्हात ठिगळांच्या कडा चमकत असतील, कोरी जागा गडद दिसत असेल, म्हणून लांबून माणूस भासत असेल. हे मी नामदेवाला पटवून दिलं. पण ठिगळांवर रंगाचे इतके जाड थर होते की हाताला कडा लागत नव्हत्या. उन्हाला त्या कशा सापडल्या? मी पत्र्यातला माणूस आहे, मला याचं उत्तर यायला हवं. येत नाही.

पुस्तिका लिहायला बसलो. उड्डाणं, हल्ले, वैमानिक, सगळं जागच्या जागी आलं. शमुवेलच्या पानावर अडलो. शेवटी लिहिलं, 'शमुवेल यांना आपल्या विमानाची सेवा करत असताना वीरमरण आलं.' छान वाटत होतं. बाईंना वाचून दाखवलं. बाई संतापल्या.

"पाठीत लागलं, हे का गाळलं?"

"बाई, कशाला उगाच जुनी जखम—"

"उगाच? माझे वडील शेवटच्या बाकावर बसून गेले त्या वाक्यापायी! लोकांनी आयुष्यभर तेवढंच म्हटलं. तुमचं वीरमरण वाचतील आणि मागं पुन्हा म्हणतील, हो, पण पाठीत लागलं होतं. ते वाक्य तसंच ठेवा. त्याच्या पुढचं वाक्य लिहा."

मी कागद फाडला आणि लिहिलं. 'शमुवेल यांच्या सगळ्या जखमा पाठीत होत्या. कारण त्यांचं तोंड विमानाकडं होतं.' खाली विमानाच्या डाव्या बाजूचा फोटो, खडूच्या गोलांसकट. इतकी पुस्तकं काढली, पण त्या दोन ओळींचा मला अभिमान आहे, आणि त्या बाईंच्या आहेत.

हेडसरांनी खळखळ केली. विमान समारंभाला चकचकीत हवं होतं. बाईंनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण उजवी बाजू रंगली आणि डावी उघड्या पत्र्याची राहिली. समारंभ दुपारी सुरू झाला आणि भाषणं लांबत लांबत दिवस कलला. काष्टीहून बाईंच्या माहेरची माणसं जीप करून आली होती. दोघं-तिघं तर त्या बाजारात स्वतः हजर असलेले म्हातारे. बाईंनी माईक हातात घेतला, शमुवेलचं पान उघडलं आणि मराठीच्या तासाला वाचावं तसं स्वच्छ, सावकाश वाचलं. 'सगळ्या जखमा पाठीत होत्या' इथं आल्यावर त्या थांबल्या आणि त्या म्हाताऱ्यांकडं बघत राहिल्या. मग पुढची ओळ वाचली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

बाई स्टेजवरून उतरल्या आणि एकट्याच मैदानातून विमानाकडं चालत गेल्या. त्यांच्या मागं जायला कुणी धजलं नाही. ऊन अगदी तिरकं आलं होतं. डाव्या बाजूला जाऊन त्या विमानाकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

व्हरांड्यातून मला तिथं दोन माणसं दिसली. त्यातलं एक वळून दुसऱ्याकडं बघत होतं. बाई वळलेल्या नव्हत्या. नामदेव माझ्या शेजारी होता. मी काही विचारायच्या आधीच तो माझा हात घट्ट धरून म्हणाला, "सर, आज त्याचं तोंड दिसतंय."